जुन्या पिकअपचं गिअर ऑइल घरी बदलताना
राहाता परिसरात पेरू वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा गिअर सहसा हातानेच टाकायचा असतो. त्यात ऑटोमॅटिकच्या पातळ तेलाऐवजी दाट गिअर ऑइल लागतं, बहुधा ८०डब्ल्यू-९०. ग्रेड मॅन्युअलमध्ये पाहावा. जीएल-४ वर्गाच्या ऑइलच्या जागी जीएल-५ घातल्यास त्यातले गंधकयुक्त घटक सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा खराब करू शकतात.

गाडी थोडी चालवून सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करावी. कोमट ऑइल पूर्ण उतरतं. आधी भरायचा वरचा बोल्ट सैल करावा. तोच जाम असला आणि ऑइल काढायचा खालचा बोल्ट आधीच उघडला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि गाडी जागेवरच! उतरलेल्या ऑइलमध्ये धातूचा बारीक कीस चालतो, दात्याचा तुकडा नाही. खालचा बोल्ट नवा वायसर लावून बसवावा आणि वरच्या छिद्राच्या काठापर्यंत ऑइल भरावं. जुनं ऑइल पाटात किंवा बांधावर मुळीच ओतू नये.