नळीपेक्षा केसभर जाड

माथेरान आणि आजची बंदुकीची गोळी साधारण एकाच वयाची. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट खालापुरातल्या चौकहून डोंगर चढून आले आणि माथेरान गोऱ्या साहेबांच्या नकाशावर आलं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोद मिनिए यांनी टोकदार, बुडाला पोकळ असलेली गोळी पुढे आणली होती. तेव्हापासून आजपर्यंत बंदूक घडवणाऱ्या कारागिरापासून स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजापर्यंत सगळ्यांपुढे एक प्रश्न कायम आहे: नळीच्या मानाने गोळी नेमकी किती जाड हवी?

ठासणीची बंदूक कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजही पाहायला मिळते. तिच्यात दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासायची. गोळी नळीत उतरायची तर बारीकच हवी. पण बारीक गोळीच्या कडेने वायू निसटतो, जोर जातो आणि नेमही जातो. नळीत पेचदार खाचा पाडल्या की नेम सुधारतो, मात्र गोळीने त्या खाचा घट्ट धरायला हव्यात. मिनिए यांच्या गोळीने हा पेच सोडवला. आत जाताना ती बारीक असे आणि बार उडताच बुडाशी फुगून खाचांत बसे.

१८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीत हेच तत्त्व वापरलं होतं. नळी ०.५७७ इंचांची, गोळी ०.५६८ इंचांची. एवढ्याशा फटीत गोळीभोवतीचा कागदही मावायचा. काही बार झाले की नळीत काजळी धरे आणि गोळी अडे, म्हणून त्या कागदाला चरबी लावत. १८५७ च्या उठावाची कारणं फार खोल होती. पण त्याची ठिणगी ठरलेल्या काडतुसाला वंगण लागत होतं ते या घट्ट मापामुळे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले आणि काडतुसांची हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये उतरली. उठावातल्या लढायांत गोळी ठासणं इंग्रजांच्या शिपायांनाही इतकं जड गेलं की पुढे तिचं माप ०.५५० इंचांवर आणावं लागलं.

खरा बदल झाला तो मागून भरायच्या बंदुकीने. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला, तो याच काळात. पितळी पुंगळीतली गोळी आता मागच्या बाजूने नळीत शिरत होती. तोंडातून उतरण्याचं बंधन गेलं आणि गोळी नळीपेक्षा जाड ठेवता येऊ लागली. पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षं असलेली ‘थ्री नॉट थ्री’ घ्या. नळीचं माप ०.३०३ इंच, गोळी मात्र ०.३११ इंचांची. दाबाखाली ती खाचांत रुतते आणि गरगर फिरत बाहेर पडते.

काडतूस आपल्या मातीत बनत होतं, पण त्यावर हक्क राज्यकर्त्यांचा होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं. माथेरानचे सुपुत्र भाई कोतवाल ‘आझाद दस्ता’ ही क्रांतिकारकांची तुकडी घेऊन त्या सत्तेशी लढले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. काडतूस बनवायला परवाना त्यातही लागतो, आणि तो लागलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

परदेशात रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या भरताना तिथे हाच जाडीचा प्रश्न येतो. ‘.३८ स्पेशल’ची तांब्याच्या कवचाची गोळी ०.३५७ इंचांची असते, निव्वळ शिशाची ०.३५८ ची. फरक एक हजारांश इंच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. शिसं मऊ; फट राहिली तर तापलेला वायू गोळीच्या कडा वितळवतो, नळीत शिशाचा थर बसतो आणि नेम बिघडतो. जराशी जाड गोळी ती फट बुजवते. पण ही ‘जराशी’ची सीमा ओलांडली की पुंगळीचं तोंड फुगतं आणि काडतूस चेंबरमध्ये अडकतं. रेटून बसवलं तर गोळी सुटायला पुंगळीच्या तोंडाला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. तो दाब हातातल्या हत्याराला पेलवला नाही, तर हातच जायचा.

आपल्याकडे नळीला गोळीचं माप जुळवण्याची ही विद्या सर्वांत नेटकेपणाने जपली आहे ती नेमबाजांनी. माथेरानच्या सनसेट पॉइंटखालून धोदाणीची वाट पनवेलच्या बाजूला उतरते. त्याच पनवेलमध्ये ऑलिंपियन सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ या नेमबाजी क्लबने एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची मुलं घडवली. एअर पिस्तुलाचे छर्रे नावाला ४.५ मिलिमीटरचे, डबीवर मात्र ४.४९, ४.५०, ४.५१ अशी वेगवेगळी मापं छापलेली असतात. खेळाडू नळी शिकंज्यात पक्की धरून प्रत्येक मापाचे छर्रे कागदावर मारून पाहतो. ज्या मापाची भोकं एकमेकांवर पडतात, ते माप त्या नळीचं. शेजारच्या खेळाडूच्या नळीला दुसरंच माप लागू पडेल.

पावणेदोनशे वर्षांनी हाती आलेला धडा हाच आहे. गोळी जाड की बारीक, याचं उत्तर छापील तक्त्यात पूर्ण मिळत नाही. ते ज्या-त्या नळीत असतं आणि मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून परवानाधारकांना आणि नव्या नेमबाजांना कळकळीची विनंती: घरी काडतूस भरायच्या फंदात पडू नका. आपल्या हत्याराला ठरवून दिलेलंच काडतूस वापरा, अडलेलं काडतूस कधीही रेटू नका आणि शंका आली तर परवानाधारक शस्त्र कारागिराकडून नळी मोजून घ्या.