बांधावरून थेट धारेवर

शेताच्या बांधावरून तुम्ही किती वेळा चालला असाल? बारामती-इंदापूरच्या पोरापोरींना हा प्रश्न विचारायचीच गरज नाही. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला दारं धरल्याने झालेला चिखल आणि मध्ये फूटभर रुंदीचा बांध. एका हातात डबा, दुसरा हात मोबाईलवर, तरी आपण पडत नाही. आता तोच बांध मनातल्या मनात उचला आणि दोन्ही बाजूंना खोल दरी असलेल्या जागी नेऊन ठेवा. रुंदी तीच, पायही तेच. पण पाऊल काही पुढे पडत नाही.

गिर्यारोहक या प्रकाराला 'एक्सपोजर' म्हणतात. वाट फार अवघड असते असं नाही. पण चुकलो तर काय होईल, हे सतत डोळ्यांसमोर दिसत राहतं. आणि अशा वेळी तुमच्या मागे किंवा पुढे कोण चालतंय, याला एकदम महत्त्व येतं.

आल्प्स आणि हिमालयात अशा धारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याला 'रिज ट्रॅव्हर्स' म्हणतात. दोघं जण एकाच दोराला बांधलेले असतात. दोर वाटेतल्या कातळाच्या टोकांमधून कधी डावीकडून, कधी उजवीकडून ओवत नेतात. एक जण घसरला तर दोर खडकाला अडकतो आणि दोघं वाचतात. बर्फाच्या धारेवर मात्र दोर अडकवायला काही नसतं. तिथला जुना धडा असा, की पार्टनर डावीकडे पडला तर आपण उजवीकडे उडी मारायची! ऐकायला फिल्मी वाटतं. पण विचार करा, 'हा ऐनवेळी उडी मारेल' या एका भरवशावर समोरचा पाऊल टाकत असतो.

दोर वाचवतो, तसा ओढूनही नेतो. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला. सात जण वर गेले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्यामागे दोराने बांधलेले तिघे ओढले गेले आणि मध्येच दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. त्या तिघांतला एडवर्ड व्हिम्पर. आल्प्सची गोष्ट निघाली की आजही हा अपघात आठवला जातो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण धारा आहेत. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं नाव घ्यायचं तर तोरणा ते राजगड. तोरणा १४०३ मीटर उंच, जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. राजगड म्हणजे रायगडाआधीची स्वराज्याची राजधानी. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटल्यावर महाराज इथेच परतले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांतही राजगड आहे. हे दोन्ही गड एका डोंगरधारेने जोडलेले आहेत. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरायचं, धार धरायची, मध्ये डांबरी रस्त्याची खिंड ओलांडायची आणि पुन्हा चढत राजगडाच्या संजीवनी माचीवर अळू दरवाजातून शिरायचं. ही आल्प्सची टेक्निकल चढाई नव्हे, दोराशिवाय लोक जातात. पण घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या बारीक मुरमावर, पाय सरकला की धार ती धारच.

मागच्या जानेवारीत आम्ही दोघी निघालो. मी बारामतीची, ती इंदापूर तालुक्यातली, कॉलेजपासूनची मैत्रीण. स्वारगेटवरून वेल्हे, गावात मुक्काम, पहाटे साडेचारला टॉर्च लावून चढायला सुरुवात. निघण्याआधीच मी स्टोरी टाकून बसले होते, 'तोरणा टू राजगड, वन डे!' ही माझी पहिली चूक. आता पोचणं भागच होतं.

बुधला माचीखाली एका कातळटप्प्यावर लोखंडी शिडी आहे. तिथे माझे गुडघे अक्षरशः थरथरत होते. मी बोलले मात्र, "मस्त आहे ना?" ती म्हणाली, "हो, एकदम." पुढे धार अरुंद झाली. कारवी आणि वाळलेलं गवत संपलं की नुसता मुरूम. एका ठिकाणी तिचा बूट सरकला, ती बसली आणि हातभर घसरत जाऊन थांबली. दोन दगड खाली गेले. ते किती वेळ वाजत गेले, हे मला अजून आठवतं. मी विचारलं, "ठीक आहेस ना?" ती म्हणाली, "काही नाही गं, चल." मी चालायला लागले. खरं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला होता.

दुपारी एकच्या सुमाराला खिंडीतल्या रस्त्यावर आलो. तिने बूट काढला आणि रडायलाच लागली. गुडघा सकाळपासून दुखत होता, तोरण्याच्या चढावरच मुरगळला होता.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुला राजगड करायचा होता ना."

मग मीही बोलून टाकलं. शिडीवर मला भयंकर भीती वाटली होती. माझ्या बाटलीत चारच घोट पाणी उरलं होतं आणि तासभर मी ते लपवत होते, कारण 'प्लॅनिंग माझ्याकडे' असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. समोर संजीवनी माची स्वच्छ दिसत होती. आणखी तीन तास, असं मनात आलंच. पण आम्ही दूध गोळा करणाऱ्या एका पिकअपला हात केला आणि वेल्ह्यात परतलो.

घरी आल्यावर लाज वाटली. स्टोरी डिलीट केली. नंतर लक्षात आलं, की लाज परत फिरण्याची नव्हतीच. चार तास आम्ही दोघी एका धारेवर चाललो आणि एकमेकींशी खोटं बोलत होतो, तेही प्रेमापोटी. दोर असता तर निदान ताण हाताला जाणवला असता. आमच्यात फक्त बोलणं होतं आणि तेच आम्ही बंद ठेवलं.

तुमच्या ग्रुपमध्येही हेच होतं, बघा. 'मी ठीक आहे' हे आपण इतक्या सवयीने म्हणतो, की सबमिशन राहिलेलं असो की घरचं टेन्शन, उत्तर तेच. कट्ट्यावर ते खपून जातं. धारेवर तुम्ही पाऊल कुठे टाकायचं, हे समोरच्याच्या 'ठीक' वर ठरवत असता.

दीड महिन्याने पुन्हा गेलो. मधल्या काळात दोन रविवार जेजुरीच्या कडेपठारावर सराव केला. आपल्या सपाट भागाला तोच डोंगर जवळचा. या वेळी नियम केला. दर तासाला थांबायचं आणि दोघींनी तीन गोष्टी सांगायच्या : पाणी किती, दुखतंय काय, भीती दहापैकी किती. शिडीवर मी म्हणाले, "आठ." ती म्हणाली, "माझी तीन आहे. मी आधी उतरते, तुझा पाय कुठे टाकायचा ते खालून सांगते." तिने सांगितलं, मी उतरले. साडेचारला अळू दरवाजातून आत शिरलो. फोटो काढायचा राहूनच गेला.

जायचं असेल तर...

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात धारेवर धुकं, निसरडं आणि विजा असतात. उन्हाळ्यात सावली नाही.
- माणशी किमान चार लिटर पाणी घ्या. धारेवर पाण्याचा भरवसा नाही.
- पहिल्यांदा जाताना वाट माहीत असलेला माणूस सोबत हवाच. घरी परतीची वेळ सांगून निघा.
- परफ्यूम नको, आग्या मोहोळाखाली आरडाओरडा नको.
- डांबरी रस्त्याची खिंड ही तुमची परत फिरायची जागा. तिथे किती वाजेपर्यंत पोचलो तर पुढे जायचं, हे आदल्या रात्रीच ठरवा.
- अडकलात तर ११२ वर फोन करा. 'महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर'चा नंबरही निघण्याआधी सेव्ह करून ठेवा.
- दोराचं तंत्र व्हिडिओ बघून शिकू नका. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिकवते, पुण्यातही प्रशिक्षण मिळतं.
- आणि पार्टनर निवडताना फिटनेस नंतर बघा. 'मला जमत नाहीये' हे तुमच्यासमोर न लाजता म्हणू शकेल, असं कोण आहे? त्याला आधी फोन लावा.