एक डिस्क, अनेक लिनक्स

एकाच संगणकावर फेडोरा, डेबियन आणि जोडीला विंडोज नांदवायचे ठरले, की सर्वांत चांगली फाइल सिस्टिम कोणती, असा प्रश्न हमखास निघतो. एकच लिनक्स असेल तर तो रास्त आहे आणि डिस्ट्रोंनी आपापली उत्तरेही दिली आहेत. २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने एक्सएफएस घेतली, २०२० मध्ये फेडोरा वर्कस्टेशन ३३ ने बीटीआरएफएस. डेबियन ईएक्सटी४ वर कायम राहिले. अनेक ऑपरेटिंग सिस्टिम असतील तेव्हा मात्र प्रश्नच बदलायला हवा. जे पार्टिशन एकाहून अधिक सिस्टिम उघडणार, त्याच्या फाइल सिस्टिमची निवड त्यांतल्या सर्वांत जुन्या सिस्टिमच्या कुवतीवरून करावी. खासगी रूट पार्टिशनात ज्याने त्याने हवे ते वापरावे.

हा सावधपणा अनाठायी नाही. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ पासून, म्हणजे लिनक्स २.६.२८ पासून, स्थिर मानली जाते. पण नाव तेच राहिले तरी आतल्या सुविधा वाढत गेल्या. ईएक्सटी४ च्या साधनांचा संच असलेल्या ईटूएफएसप्रॉग्सच्या फेब्रुवारी २०२३ मधील १.४७.० आवृत्तीने दोन नव्या सुविधा आपोआप चालू केल्या. अशी पार्टिशने त्याच संचातल्या जुन्या ईटूएफएसके या तपासणी-साधनाला तपासता येईनात आणि मूळ ग्रब २.०६ या बूटलोडरला ओळखता येईनात. म्हणून सामाईक पार्टिशन सर्वांत जुन्या लिनक्समधूनच फॉरमॅट करावे. विंडोजही त्यात लिहिणार असेल तर एनटीएफएस चालते. २०२१ च्या लिनक्स ५.१५ पासून तिच्यासाठी कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आहे. मात्र विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद हवे, कारण ते चालू असेल तर शट डाउननंतरही विंडोजचा गाभा हायबरनेट झालेला असतो आणि अशा वेळी लिनक्सने तिथे लिहिणे धोक्याचे ठरते. स्वॅपचेही तसेच: एका लिनक्सने हायबरनेट होताना स्वॅपमध्ये ठेवलेली मेमरी दुसरे लिनक्स बेलाशक पुसून टाकते.

पार्टिशन करण्याच्या साधनाची पारख करताना डिस्कवर लिहिण्याआधी ते फेरविचाराला किती अवधी देते, हे पाहावे. एफडिस्क 'डब्ल्यू' दिल्याशिवाय काही लिहीत नाही, जीपार्टेड 'अप्लाय' दाबेपर्यंत कामांची रांग लावून ठेवते. पार्टेड मात्र आज्ञा मिळताच बदल करून मोकळे होते. पार्टिशन टेबल जीपीटीच असावे. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशने मिळतात. जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते आणि टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राहते. आकारही विचारपूर्वक ठरवावा: बीटीआरएफएस चालू असतानाही लहान करता येते, ईएक्सटी४ अनमाउंट करावी लागते, आणि एक्सएफएसचा आकार कमी करण्याची सोय व्यवहारात नाहीच.

यावर कोणी म्हणेल, बीटीआरएफएसचे सबव्हॉल्यूम करून सगळी लिनक्स एकाच पार्टिशनात ठेवली, तर आकाराची कटकटच मिटेल. मिटेल खरी, पण मग फाइल सिस्टिमची मूळ रचना सर्वांची सामाईक होते आणि ती बिघडली तर सगळीच लिनक्स एकदम बंद पडतात. याहून वजनदार आक्षेप असा, की फोटो आणि कागदपत्रे सामाईक पार्टिशनात असतात आणि ईएक्सटी४ फाइलींच्या मजकुराचे चेकसम ठेवत नाही. म्हणजे सर्वांत मोलाचा डेटाच कमी संरक्षणात राहतो. हे खरे आहे. पण एकाच डिस्कवर बीटीआरएफएस सर्वसाधारणपणे डेटाची एकच प्रत ठेवते. बिघाड झाल्याचे ती सांगेल, तो दुरुस्त करायला चांगली प्रत कुठून आणणार? ती प्रत वेगळ्या डिस्कवरच हवी. त्या बॅकअपच्या डिस्कवर बीटीआरएफएस जरूर वापरावी. ती एकाच लिनक्सने उघडायची असल्यामुळे तिथे जुन्या सिस्टिमचे बंधन उरत नाही.