उन्हाळी आणि मूत्रपिंडे

एप्रिल-मे महिन्यांत बिलोली तालुक्यात मांजरेकाठची वाळू तापून पारा चाळिशीपार गेला की शेतात, वीटभट्टीवर आणि वाळूच्या घाटावर राबणाऱ्यांची लघवी गडद पिवळी आणि थोडी थोडी होऊ लागते, तिच्यासोबत जळजळही होते. मराठी मुलखात या त्रासाला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. शब्द नेमका आहे, परंतु अंगात उष्णता साठल्यामुळे उन्हाळी लागते हा समज तितका नेमका नाही, कारण ही जळजळ बहुधा शरीराने पाणी राखण्यासाठी केलेल्या काटकसरीतून येते.

ही काटकसर मूत्रपिंडे करतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असलेल्या या अवयवांचे वजन प्रत्येकी जेमतेम 150 ग्रॅम असले तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे वळते. प्रत्येकात नेफ्रॉन नावाचे सुमारे 10 लाख सूक्ष्म घटक असतात. त्यांच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो, त्यातून पाणी, क्षार, साखर आणि टाकाऊ द्रव्ये दाबाने पुढच्या नलिकेत गाळली जातात, तर रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिने मागे राहतात.

मूत्रपिंडाला गाळणी म्हणण्याचा प्रघात असला तरी ती उपमा अर्धीच खरी आहे. मांजरेकाठच्या येसगी घाटावर वाळू चाळणारा मजूर नको असलेले गोटे तेवढे बाजूला काढतो. मूत्रपिंड मात्र दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव आधी सरसकट बाहेर काढते आणि मग नलिकेच्या वाटेवर त्यातील जवळपास 99 टक्के पाणी, निरोगी माणसात जवळजवळ सगळी साखर आणि हवे तेवढे मीठ रक्तात परत घेते. नलिकेत उरलेल्या दीड-दोन लिटरांत असतो युरिया, जो प्रथिनांपासून निघालेल्या विषारी अमोनियाचे रूपांतर करून यकृत बनवते, आणि क्रिएटिनिन, जे स्नायूंमध्ये तयार होते. इतर टाकाऊ द्रव्यांच्या वाटा वेगळ्या आहेत: कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसे टाकतात, तर जुन्या रक्तपेशींतील रंगद्रव्य पित्तावाटे आतड्यात उतरते. घाम गाळला की विषारी द्रव्ये निघून जातात, ही लोकप्रिय समजूत मात्र सोडून द्यावी. घामाचे मुख्य काम अंग थंड ठेवण्याचे आहे.

घामावाटे पाणी गेले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते, मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि नलिका पाणी अधिक शोषू लागतात. तरीही दिवसभरातील टाकाऊ द्रव्ये विरघळवून नेण्यासाठी किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. अशा दाट लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमून मुतखडा होऊ शकतो. ताक, धने-जिऱ्याचे पाणी यांचा गुण येतो तो मुख्यतः त्यांतील पाण्यामुळे. ज्या बाया कामाच्या ठिकाणी आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहतात, त्यांच्यासाठी मात्र धने-जिऱ्याआधी शौचालयाची सोय हाच खरा उपाय होय. जळजळीसोबत ताप असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा घरगुती उपायांवर विसंबू नये. अंगात पाणी कमी असताना काही वेदनाशामक गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो, हेही मजुरी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन फारसे वाढत नाही, म्हणून मधुमेह वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी त्रासाची वाट न पाहता दरवर्षी रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर लोकनायक जयप्रकाश नारायण 1975 मध्ये मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर, होते. आज हा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही मिळतो. पण सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास लागतात आणि जवळ केंद्र नसेल तर त्यापायी दिवसच्या दिवस मोडतो. आठवड्याच्या 168 तासांपैकी यंत्र चालते अवघे 12 तास.