विश्लेषण : स्वस्तातले मॅग्नेटिक ड्रिल छोट्या वर्कशॉपला परवडते का?

शेड, लोखंडी जिने, मेझनिन, टाकीचे स्टँड अशी कामे घेणाऱ्या छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाड प्लेटला किंवा गर्डरला मोठी भोके पाडणे हे सर्वात कंटाळवाणे काम. मॅग्नेटिक ड्रिल ते मिनिटभरात करते, पण नामांकित परदेशी यंत्रांची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेरची होती. आता आयात केलेली आणि येथील विक्रेत्यांचे नाव लावलेली यंत्रे त्यांच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागली आहेत. ऑनलाइनही आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारातही. कागदावर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. मग फरक नेमका कुठे आहे आणि पैसे मोजण्यापूर्वी काय तपासायचे?

हे यंत्र वेगळे काय करते?

साध्या पिलर ड्रिलकडे जॉब न्यावा लागतो. मॅग्नेटिक ड्रिल जॉबकडे जाते. त्याच्या तळाशी विद्युतचुंबक असतो. बटण दाबले की तो लोखंडाला घट्ट धरतो आणि वरची मोटर सरकपट्टीवर (स्लाइड) खाली-वर होते. सहा मीटरचा गर्डर उचलून यंत्राखाली सरकवण्याऐवजी दहा-पंधरा किलोचे यंत्र गर्डरवर ठेवायचे, इतके ते सोपे.

वेग मात्र चुंबकामुळे नव्हे, कटरमुळे येतो. अमेरिकेतील डग्लस हौगेन यांच्या ‘रोटाब्रोच’मुळे प्रसिद्ध झालेला हा पोकळ कटर भोकाची फक्त कड कापतो, मधला गाभा सबंध बाहेर पडतो. आयएस ८०० : २००७ या मानकानुसार एम २० बोल्टसाठी २२ मिमीचे भोक लागते. कटरच्या भिंतीची जाडी साडेतीन मिमी धरली, तर एवढ्या भोकासाठी निम्म्याच्या आसपासच धातूचा भुसा करावा लागतो. ३५ मिमीच्या भोकात हे प्रमाण साधारण एकतृतीयांशावर येते. आधी ६ मिमी, मग १२, मग २२ असे टप्पे घ्यावे लागत नाहीत. सेंटर पंच मारला, पायलट पिन त्यावर टेकवली की काम सुरू.

चुंबकाची जाहिरातीतील ताकद खरी असते का?

बहुतेकदा खरी असते, पण ती तुमच्या प्लेटवरची नसते. खोक्यावर १२,००० किंवा १५,००० न्यूटन असा आकडा छापलेला असतो. तो साधारणपणे २५ मिमी किंवा त्याहून जाड, स्वच्छ आणि सपाट प्लेटवर मोजलेला असतो. छोट्या वर्कशॉपमधला बराचसा माल मात्र ६, ८ आणि १० मिमीचा. चुंबकीय प्रवाहाला एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी लोखंडातून वाट लागते. प्लेट पातळ असेल तर ही वाट अरुंद पडते, लोखंड संपृक्त होते आणि उरलेला प्रवाह हवेत वाया जातो. बारीक पाइपमधून मोठ्या पंपाचे पाणी जात नाही, तसेच हे. त्यात प्लेटवर रंगाचा थर, गंज, वेल्डिंगचे शिंतोडे किंवा चुंबकाखाली अडकलेला भुसा असेल तर मध्ये हवेची फट राहते आणि पकड झपाट्याने घटते.

दुसरी बाब खरेदी करताना सहसा कोणी विचारात घेत नाही. कटर चुंबकाच्या मध्यभागी नसून पुढे असतो. हँडल दाबले की कटरकडून उलटा जोर वर येतो आणि यंत्राची पुढची कड उचलू पाहतो. म्हणजे चुंबकाला सरळ ओढून काढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या खूप आधी तो पुढून उसवू लागतो. कड जरा जरी सुटली की तिथे फट आणि फट पडली की उरलेली पकडही जाते. शिवाय कटर अडकला तर यंत्र स्वतःच कटरभोवती फिरू पाहते. त्या क्षणी ते फक्त घर्षणाच्या जोरावर टिकून असते. तेलकट प्लेटवर हे घर्षण पकडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढेच धरावे. म्हणून चुंबकाखालची जागा पुसून घेणे हा निव्वळ टापटिपीचा भाग नाही.

यावर कामगारांची जुनी युक्ती आहे : पातळ प्लेटखाली चुंबकाच्या जागी १५-२० मिमीचा सपाट तुकडा ठेवायचा. ती चालते, पण दोन्ही पृष्ठभाग चिकटून बसले तरच. तीन-चार मिमीच्या चौकोनी पाइपवर मात्र या यंत्राचा भरवसा धरू नये आणि दोन मिमीच्या पर्लिनवर तर नाहीच. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला किंवा ॲल्युमिनियमला चुंबक धरतच नाही, हे माहीत असूनही ‘सगळ्या कामाला होईल’ म्हणून यंत्र घेणारे भेटतात.

‘३५ मिमी क्षमता’, ‘५० मिमी क्षमता’ याचा अर्थ काय?

एवढ्या व्यासाचा कटर बसतो, असा. तो नीट कापतो असा नव्हे. हायस्पीड स्टीलच्या कटरला साध्या पोलादात मिनिटाला २५ ते ३० मीटर कापण्याचा वेग मानवतो. २२ मिमीच्या कटरसाठी हे सुमारे ४०० फेरे होतात, १२ मिमीसाठी सुमारे ८००, तर ५० मिमीसाठी जेमतेम २००. स्वस्त यंत्रात गिअर बहुधा एकच असतो. समजा ते मिनिटाला ६५० फेरे घेते. त्यावर ५० मिमीचा कटर लावला तर कड १०० मीटरच्या वेगाने धावते, धूर निघतो आणि कटर पहिल्या काही भोकांतच जळतो. फेरे कमी करण्याचे इलेक्ट्रॉनिक बटण दिलेले असले तरी वेगाबरोबर जोरही कमी होतो का, हे पाहावे लागते. खऱ्या दोन गिअरच्या यंत्रात तो वाढतो. एकच गिअर असलेले ‘५० मिमी’चे यंत्र घेण्यापेक्षा आपली नव्वद टक्के भोके १४ ते २६ मिमीची आहेत हे मान्य करून त्या पट्ट्यातले यंत्र घेणे शहाणपणाचे.

दुकानात काय तपासायचे?

आपली प्लेट घेऊन जावे. विक्रेत्याकडे दाखवायला ठेवलेल्या जाडजूड, चकचकीत तुकड्यावर प्रत्येक यंत्र चांगलेच चालते. सोबत ८ किंवा १० मिमीचा रोजच्या वापरातला तुकडा, व्हर्निअर आणि शक्य असेल तर डायल गेज असावे.

आधी मोटर न लावता चुंबक लावून पाहावा. तळ नीट ग्राइंड केलेला आहे का? चारही कडांखाली साधा कागद सरकवून बघावा. एखाद्या कोपऱ्यात आत गेला तर तळ सपाट नाही. मग यंत्राचे डोके हाताने बाजूला ढकलावे. सरकपट्टीत खेळ असेल तर ते लगेच कळते. बाजूच्या स्क्रूने तो काढता येतो का, हे विक्रेत्यालाच करून दाखवायला सांगावे. स्क्रू आवळल्यावर डोके वर जाम आणि खाली सैल होत असेल, तर पट्टीचे मशीनिंगच वाकडे आहे आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

डायल गेज कटरच्या खोबणीत बसवलेल्या सरळ पिनवर टेकवून स्पिंडल हाताने फिरवावा. काटा ०.१ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर यंत्र ठेवून द्यावे. डगमगणाऱ्या स्पिंडलवर भोक मोठे होते हे एक वेळ चालेल, पण कटरचे दात तुटतात. कटरची खोबणही पाहून घ्यावी. १९.०५ मिमीचा, दोन सपाट बाजूंचा वेल्डन शँक बाजारात सर्वत्र मिळतो. दुसराच काही प्रकार असेल तर पुढे प्रत्येक कटरसाठी त्याच विक्रेत्याकडे यावे लागेल.

आता भोक पाडावे. एक नव्हे, सलग पाच. पहिल्या भोकाने विशेष काही कळत नाही. पाचव्यापर्यंत गिअरबॉक्सचा आवाज बदलतो का, मोटरमधून वास येतो का, गाभा दर वेळी आपोआप बाहेर पडतो का की स्क्रूड्रायव्हरने ठोकावा लागतो, हे दिसते. निघणारा भुसा लांब, सलग वेटोळ्यांचा असेल तर काम ठीक चालले आहे. चुरा पडत असेल तर कटर बोथट आहे किंवा यंत्र थरथरत आहे. शेवटी व्हर्निअरने भोके मोजावीत. बोल्टच्या कामाला अर्ध्या मिमीची चूक खपून जाते, बेअरिंगच्या बैठकीला नाही. पण त्यासाठी हे यंत्र मुळातच नाही.

सुट्या भागांविषयी तोंडी आश्वासनावर जाऊ नये. कार्बन ब्रश, स्विच, चुंबकाचे सर्किट आणि आर्मेचर यांची आजची किंमत कागदावर मागावी. जो विक्रेता या चार वस्तूंच्या किमती सांगू शकत नाही, त्याच्याकडे त्या नाहीत असे समजावे.

हिशेब कसा बसतो?

एक उदाहरण घेऊ. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. समजा यंत्र ३० हजारांना पडले. ९०० रुपयांच्या कटरने तेल वापरून १५० भोके झाली, म्हणजे भोकामागे ६ रुपये. मजुरी ३ रुपये. तेच भोक बाहेर रेडियल ड्रिलवर १५ रुपयांत मिळत असेल तर भोकामागे ६ रुपये वाचतात. यंत्राचे पैसे फिटायला ५,००० भोके लागतील. एका लहान शेडमध्ये बेसप्लेट आणि जोड मिळून १५० ते २०० भोके धरली तर या २५ ते ३३ शेड झाल्या. छोट्या वर्कशॉपला एवढी कामे यायला दोन-तीन वर्षे लागू शकतात आणि तोवर स्वस्त यंत्र टिकेल का, हाच तर प्रश्न आहे.

पण या हिशेबात टेम्पोचे भाडे नाही, जॉबवर्कवाल्याकडे नंबर लागेपर्यंत गेलेला दिवस नाही आणि मुख्य म्हणजे साइटवरची भोके नाहीत. उभा केलेला कॉलम परत उतरवून रेडियलवर नेता येत नाही. तिथे भोक चुकले की हातड्रिलने तासभर झगडायचे किंवा गॅस कटरने भोक जाळायचे, एवढेच मार्ग उरतात. त्यातला दुसरा बोल्टच्या जोडासाठी कोणताही जबाबदार अभियंता मान्य करणार नाही. महिन्यातून चार वेळा अशी वेळ येत असेल तर स्वस्त यंत्रही लवकर वसूल होते. सगळे काम वर्कशॉपमध्येच आणि सुट्या प्लेटवर होत असेल, तर त्याच पैशात चांगले पिलर ड्रिल किंवा प्लेट लेझरवर भोकांसह कापून आणणे अधिक परवडेल.

काटकसर यंत्रात करावी, कटरमध्ये नाही. यंत्रासोबत फुकट मिळणारा कटरसंच हाताशी ठेवावा, पण परीक्षा आणि रोजचे काम चांगल्या कटरवर करावे. सामान्य यंत्रावर उत्तम कटर चालून जातो. उत्तम यंत्र वाईट कटरला वाचवू शकत नाही.

जीवाशी खेळ कुठे होतो?

वीज गेली की चुंबक सुटतो. आपल्याकडे हे वाक्य वेगळे समजावून सांगायला नको. आडव्या प्लेटवर यंत्र जागच्या जागी बसून राहील. उभ्या कॉलमवर किंवा गर्डरच्या खालच्या बाजूला ते थेट खाली येईल, दहा-पंधरा किलो वजनासह. सोबतची साखळी किंवा पट्टा दर वेळी बांधलाच पाहिजे. स्वस्त यंत्रांसोबत येणारा पट्टा पातळ असेल तर स्वतंत्र साखळी घ्यावी. वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होते का, हेही दुकानातच प्लग काढून-घालून पाहावे. होत असेल तर ते यंत्र घेऊ नये. इथे किमतीचा विचार नको.

साइटवर लांब, बारीक वायरने वीज ओढली की व्होल्टेज पडते आणि त्याबरोबर पकडही. वायर जाड घ्यावी, अर्थिंग खरे असावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. ज्या जॉबवर ड्रिल लावले आहे त्याच जॉबवर त्याच वेळी वेल्डिंग करू नये. वेल्डिंगचा परतीचा प्रवाह अर्थच्या तारेतून यंत्रात शिरू शकतो आणि सर्किट जळते. छोट्या शेडमध्ये दोन कारागीर एकाच गर्डरच्या दोन टोकांना काम करत असतात, तेव्हा ही चूक सहज होते. फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत. उंचावर भोक पाडताना खाली माणूस नको, कारण शेवटी सुटणारा गाभा तापलेला असतो.

जुने नामांकित यंत्र घ्यावे का?

स्वस्त नव्याच्या किमतीत कधी कधी वापरलेले चांगले यंत्र मिळते आणि सरकपट्टी व गिअरबॉक्स शाबूत असतील तर ते पुढे जाते. धोका चुंबकाचा. बऱ्याच यंत्रांत त्याची कॉइल रेझिनमध्ये ओतलेली असते. गल्लीतल्या मोटर वाइंडिंगवाल्याला ती उघडून भरता येत नाही, सबंध तळच बदलावा लागतो. म्हणून जुने यंत्र पाहताना चुंबक अर्धा तास चालू ठेवावा, तापू द्यावा आणि मग त्याच १० मिमीच्या प्लेटवर भोक पाडून बघावे. थंड असताना धरणारी आणि तापल्यावर सोडणारी कॉइल एवढ्यात उघडी पडते.