आतड्याला पडणारा पीळ



कामगार संघटनेचा कार्यकर्ता आतड्यांविषयी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. मी डॉक्टर नव्हे. शाळाही माझी चौथीतच सुटली. पण आजारी सोबत्यांबरोबर इस्पितळांच्या बाकांवर तीस वर्षे बसलो, डॉक्टरांना प्रश्न विचारले, पुस्तके वाचली. त्यातून जे उमगले तेच सांगतो.

आमच्या एका सोबत्याचे पोट एके रात्री नगाऱ्यासारखे फुगले. शौच बंद, वाराही सरेना. बेंबी सरकली म्हणून घरच्यांनी पोट चोळले, एरंडेल पाजले. हे दोन्ही अशा वेळी घातकच. सकाळी इस्पितळात क्ष-किरणांच्या चित्रात कॉफीच्या बीसारखी फुगीर आकृती दिसली. मोठ्या आतड्याला पीळ पडला होता.

हे घडते कसे? मोठ्या आतड्याचा गुदाशयाच्या वरचा भाग वळणदार असतो. त्यास सिग्मॉइड म्हणतात. एका पातळ पडद्याने तो पाठीच्या बाजूस बांधलेला असतो. त्याच्या रक्तवाहिन्याही त्याच पडद्यातून येतात. काही माणसांत हे वळण फार लांब असते आणि त्याची दोन्ही टोके अगदी जवळ येतात. एकाच कडीला टांगलेल्या झोपाळ्याला जसा सहज पीळ बसतो, तसाच यालाही बसतो. वायू आत कोंडतो. पीळ घट्ट झाला की रक्तपुरवठा तुटून आतडे सडू लागते. उतारवयातील पुरुषांत आणि जुनाट बद्धकोष्ठ असणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो.

आतडे सडले नसेल, तर गुदद्वारातून दुर्बीण घालून पीळ उलगडतात आणि एक नळी दोन-तीन दिवस आत ठेवतात. नॉर्वेच्या ब्रूसगार्ड यांनी १९४७ साली या उपायाचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. आमच्या सोबत्याचे पोट असेच तासाभरात उतरले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, पण रोजगार बुडेल म्हणून तो घरी निघाला. ‘आराम पडला ना, मग चल,’ असे मीही म्हणालो. ती माझी चूक.

संप मिटला म्हणजे तंटा मिटला असे नव्हे, हे मला कळायला हवे होते. पीळ उलगडला तरी ते लांब वळण तसेच राहते. नुसत्या उलगडण्यावर थांबलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना किंवा त्याहून अधिकांना पुन्हा पीळ पडतो. म्हणून प्रकृती झेपणारी असेल, तर थोड्याच दिवसांत, शक्यतो त्याच मुक्कामात, ते वळण कापून दोन्ही टोके जोडतात. नुसते टाके घालून आतडे जागी बांधले, तर पीळ परतण्याचा संभव अधिक राहतो. अन्नरस मुख्यतः लहान आतड्यात शोषला जातो. त्यामुळे एवढा भाग काढल्याने पोषणाला बाध येत नाही.

आमच्या सोबत्याला तिसऱ्या खेपेस आणले, तेव्हा आतडे काळे पडले होते. तातडीने पोट उघडावे लागले. सडलेला भाग काढून वरचे टोक पोटावर आणले. पुढे कित्येक महिने त्याने पिशवी बांधून काढले. जीव वाचला, पण वाचवलेल्या रोजगाराच्या कितीतरी पट गेला.

तेव्हा पोट फुगून वारा सरेनासा झाला, तर चोळत बसू नका, इस्पितळ गाठा. आणि पीळ उलगडला की घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारा : तो पुन्हा पडू नये म्हणून शस्त्रक्रिया केव्हा करायची? रजेसाठी भांडायला आम्ही आहोतच.