पावणेदोन अब्ज डॉलर आणि पाण्याचा पाइप

बाल्टिमोरला मार्च २०२४चा शेवटचा आठवडा फार जड गेला. शनिवारी, २३ तारखेला, पीटर अँजेलोस वारले. वय ९४. ओरिओल्स या बेसबॉल संघाची मालकी तीस वर्षं त्यांच्याकडे होती. मंगळवारी मध्यरात्रीनंतर 'दाली' नावाचं मालवाहू जहाज बंदराच्या तोंडावरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं. पूल कोसळला आणि रात्रपाळीत त्यावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. बुधवारी मेजर लीगच्या इतर मालकांनी ओरिओल्सच्या विक्रीवर एकमताने शिक्कामोर्तब केलं. गुरुवारी मोसमाचा पहिला सामना होता.

कॅम्डन यार्ड्स हे ओरिओल्सचं मैदान. त्या दुपारी आधी स्तब्धता पाळली गेली, मग राष्ट्रगीत झालं. या गीताच्या मूळ कवितेचा जन्म १८१४मध्ये याच शहरात झाला आणि कोसळलेल्या पुलाला तिच्याच कवीचं नाव होतं. गाण्यात एका जागी 'ओ' येतो. तिथे ओरिओल्सचे चाहते सगळे मिळून बेंबीच्या देठापासून ओरडतात. पाहुण्यांना हे असभ्य वाटतं, बाल्टिमोरकरांना अजिबात नाही. सामना ओरिओल्सने ११-३ असा जिंकला. नवे मालक डेव्हिड रुबेनस्टाइन प्रेक्षकांमध्ये फिरले, हात मिळवले, फोटो काढून घेतले. 'थँक यू' हे शब्द त्यांना दिवसभर ऐकू येत होते. आदल्याच दिवशी ताबा घेतलेल्या माणसाचे आभार कशासाठी? त्याने तोवर केलं काहीच नव्हतं.

त्याचं उत्तर त्या तारखेत सापडतं. बरोबर ४० वर्षांपूर्वी, २८ मार्च १९८४च्या रात्री, बाल्टिमोरचा फुटबॉल संघ कोल्ट्स शहरातून निघून गेला होता. मालक रॉबर्ट इर्से यांचं स्टेडियमवरून सरकारशी बिनसलं होतं आणि संघ सक्तीने ताब्यात घेण्याचा कायदा मेरीलँडच्या विधिमंडळात येऊ घातला होता. तो लागू व्हायच्या आत मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक आले आणि हेल्मेटांपासून कपाटांपर्यंत सगळं भरून रातोरात इंडियानापोलिसला रवाना झाले. सकाळी लोक उठले, तेव्हा संघ गेलेला होता. संघाचा बँड तेवढा मागे राहिला आणि पुढची कित्येक वर्षं संघाशिवाय वाजत राहिला.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पटकन उमगत नाही. मुंबईचा रणजी संघ कुणी विकत घेऊन इंदूरला नेऊ शकत नाही, कारण तो संघटनेचा असतो. अमेरिकेत संघ मालकाचा. लीगने परवानगी दिली की तो उचलून दुसऱ्या गावी नेता येतो आणि चाहत्याला त्यात मत नसतं. बाल्टिमोरने याबद्दल गळा काढू नये, असंही कुणी म्हणेल. ओरिओल्स मुळात सेंट लुइसचा. तिथला ब्राउन्स हा संघ १९५३मध्ये विकला गेला आणि १९५४पासून नवं नाव घेऊन इथे खेळू लागला. म्हणजे सेंट लुइसमध्येही कुणीतरी असंच सकाळी उठलं असणार.

ओरिओल्सचा मालक बदलला की बाल्टिमोरकर पहिला प्रश्न विचारतात तो संघ राहणार का, हा. जिंकणार का, हे नंतर. १९७९मध्ये स्थानिक बिअर कारखानदार जेरी हॉफबर्गर यांनी संघ विकला तो एडवर्ड बेनेट विल्यम्स यांना. विल्यम्स वॉशिंग्टनचे नामांकित वकील. वॉशिंग्टन तासाभराच्या अंतरावर, आणि त्या शहराला तेव्हा स्वतःचा बेसबॉल संघ नव्हता. संशय यायला आणखी काय हवं?

या संशयाला उत्तर दिलं ते प्रेक्षकांनी, मैदानात येऊन. मेमोरियल स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर सेक्शन ३४मध्ये बिल हॅगी नावाचा दाढीवाला टॅक्सीचालक बसायचा. हा 'वाइल्ड बिल' ऐन सामन्यात उभा राहून हातापायांनी, सगळं अंग वाकवून संघाच्या नावातलं एकेक अक्षर काढायचा आणि सगळं स्टेडियम ते अक्षर ओरडायचं. १९७८मध्ये मोसमभराचे प्रेक्षक होते साडेदहा लाख. १९७९मध्ये ते १६ लाखांच्या वर गेले. संघ गेला नाही. हॅगीचं मात्र १९८५मध्ये बिनसलं. घरची बिअर मैदानात आणायला बंदी झाली, तेव्हा निषेध म्हणून त्याने आपली थंडपेटी सरळ मैदानात फेकली आणि पोलिसांनी त्याला उचललं.

चाहत्यांच्या मनात सलणारी एक बारीकशी गोष्टही होती. परगावी खेळताना संघाच्या करड्या जर्सीवर शहराचं नाव असतं, अशी जुनी रीत आहे. ओरिओल्सच्या जर्सीवरून सत्तरच्या दशकात 'बाल्टिमोर' गेलं आणि नुसतं 'ओरिओल्स' राहिलं. मालक बदलत गेले, शब्द परत येईना. तो आला २००९मध्ये, चाहत्यांनी वर्षानुवर्षं कटकट केल्यावर. छातीवरच्या नऊ अक्षरांनी सामना जिंकता येत नाही हे कुणाला कळत नव्हतं थोडंच?

विल्यम्स यांच्या कारकिर्दीतली खरी कमाल १९८८ची. मोसमाच्या आरंभीच ओरिओल्स सलग २१ सामने हरला. असा विक्रम आजवर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. परगावचे सामने आटोपून संघ २ मे रोजी घरी आला, तेव्हा खात्यावर एक विजय आणि २३ पराभव होते. त्या सोमवारी रात्री मैदानात माणसं आली ५०,४०२. कॅन्सरने खंगलेले विल्यम्स आणि मेरीलँडचे गव्हर्नर विल्यम डोनाल्ड शेफर यांनी त्यांच्यासमोर जाहीर केलं की शहराच्या मध्यभागी नवं मैदान बांधायचं आणि संघाने १५ वर्षांचा भाडेकरार करायचा. कोल्ट्स गेला तेव्हा हेच शेफर महापौर होते. त्या रात्री संघ जिंकलासुद्धा. ऑगस्टमध्ये विल्यम्स गेले.

पुढचे मालक न्यूयॉर्कचे एली जेकब्स. त्यांच्या काळात, १९९२मध्ये, कॅम्डन यार्ड्स उभं राहिलं. उजवीकडे रेल्वेचं जुनं लालविटांचं गोदाम तसंच ठेवलेलं हे मैदान पाहून देशभर त्याच्या नकला झाल्या. जेकब्स यांचं मात्र दिवाळं निघालं आणि ऑगस्ट १९९३मध्ये संघाचा न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात चक्क लिलाव झाला. शेवटपर्यंत टिकलेले दोघे: न्यूयॉर्कचे कलाव्यापारी जेफ्री लोरिया आणि बाल्टिमोरचे वकील पीटर अँजेलोस. १७ कोटी ३० लाख डॉलरला हातोडा पडला तो अँजेलोस यांच्या बाजूने.

शहर हरखून गेलं. ग्रीसमधून आलेल्या दारूगुत्तेवाल्याचा हा मुलगा रात्रीच्या वर्गांत बसून वकील झाला होता. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसं निकामी झालेल्या पोलाद आणि जहाजबांधणी कामगारांचे हजारो दावे लढून त्याने पैसा केला होता. १९९५मध्ये खेळाडूंचा संप चालू असताना बाकीचे मालक बदली खेळाडू उतरवायला निघाले, तेव्हा नकार दिला तो एकट्या अँजेलोस यांनी. गावचा माणूस, कामगारांचा वकील. यापेक्षा चांगला मालक मागायचा तरी कुठे!

मग उतरण लागली. १९९७मध्ये व्यवस्थापक डेव्ही जॉन्सन यांनी राजीनामा दिला, तोही ज्या दिवशी त्यांना वर्षातला सर्वोत्तम व्यवस्थापक ठरवलं त्याच दिवशी. कारण मालकांशी पटेना. १९९८ ते २०११ अशी ओळीने १४ वर्षं संघ जिंकला कमी, हरला जास्त.

२१ सप्टेंबर २००६ची दुपार. डेट्रॉइट टायगर्सशी सामना, मोसम केव्हाच हातचा गेलेला. स्थानिक रेडिओवाले नेस्टर अपारिसिओ यांनी हाक दिली होती. काळे टीशर्ट घातलेली हजारेक माणसं वरच्या मजल्यावर येऊन बसली. टीशर्टवर लिहिलं होतं, पाखरं सोडा. ओरिओल हा नारिंगी पक्षी, त्यामुळे हाक मालकाला. ५ वाजून ८ मिनिटांनी सगळे उठले आणि सामना चालू असतानाच बाहेर पडले. ५ हा ब्रुक्स रॉबिन्सनचा आकडा, ८ कॅल रिपकनचा. हजार माणसांनी अब्जाधीशाचं काही वाकडं होत नाही, आणि झालंही नाही. पण निषेधाची वेळसुद्धा जुन्या खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे बघून ठरवणाऱ्या लोकांना निव्वळ गिऱ्हाईक म्हणणं अवघड आहे.

संघ मधली काही वर्षं सावरला, पुन्हा बुडाला. २०१८मध्ये ११५ सामने हरला. अँजेलोस आजारी पडले, कारभार थोरल्या मुलाकडे, जॉनकडे गेला. २०२२मध्ये धाकट्याने, लूने, भाऊ आणि आईवर दावा लावला, आणि घरातलं भांडण शहराने वर्तमानपत्रात वाचलं. जॉन संघ टेनेसीत नेणार, अशी वदंता तेव्हाचीच. दावा २०२३च्या आरंभी मिटला. त्याच वर्षी तरुण खेळाडूंच्या जोरावर संघाने १०१ सामने जिंकले आणि मालकाने त्या आनंदावर शक्य तेवढं विरजण घातलं. टँपा बेच्या मैदानावर आधीची वर्षं किती वाईट गेली आणि यंदा किती चांगलं चाललंय, एवढंच समालोचक केव्हिन ब्राउन बोलले होते. आकडे खुद्द संघाच्याच पत्रकातले. तरी त्यांना काही दिवस घरी बसवलं गेलं. 'ब्राउनला सोडा' अशा घोषणा मैदानात घुमल्या, आणि प्रतिस्पर्धी संघांचे समालोचकही त्यांच्या बाजूने बोलले. सप्टेंबरमध्ये विभागाचं विजेतेपद मिळालं त्या रात्री नव्या भाडेकराराची घोषणा मोठ्या पडद्यावर झळकली, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की कागद बंधनकारक नाहीच. खरा करार डिसेंबरात झाला, ३० वर्षांचा.

म्हणून त्या 'थँक यू'ला एवढं वजन. रुबेनस्टाइन बाल्टिमोरमध्येच वाढले. वडील टपाल खात्यात नोकरीला. पुढे कार्लाइल ही गुंतवणूक कंपनी काढून ते अब्जाधीश झाले, मॅग्ना कार्टा या ऐतिहासिक इंग्लिश सनदेची एक जुनी प्रत २००७मध्ये २ कोटी १३ लाख डॉलरला घेऊन त्यांनी ती लोकांना पाहायला ठेवली. ओरिओल्सची किंमत ठरली १७२ कोटी ५० लाख डॉलर, अँजेलोस यांनी मोजली होती त्याच्या जवळजवळ दसपट. भागीदारांत खुद्द कॅल रिपकन. मे महिन्यात रुबेनस्टाइन सेक्शन ८६मध्ये जाऊन उभे राहिले. ओरिओल्सच्या फलंदाजाने दोन किंवा जास्त बेसचा फटका मारला की इथल्या प्रेक्षकांवर पाइपने पाणी उडवतात. ७४ वर्षांचे मालक पाइप धरून लोकांना भिजवताहेत, हे दृश्य देशभर गेलं. प्रेक्षकांत टोप्या फेकणं तर नेहमीचंच झालं. २०२४मध्ये प्रेक्षकसंख्या २२ लाखांवर गेली.

लोकांनी हे प्रेमाने घेतलं, पण भाबडेपणाने नाही. गावचा श्रीमंत माणूस संघ वाचवायला आला, हा खेळ त्यांनी १९९३मध्ये पाहिलेला आहे. दूर ओकलंडला तर हेही नशिबी नव्हतं: जून २०२३मध्ये तिथले २७ हजारांवर चाहते 'विका' असं लिहिलेले हिरवे टीशर्ट घालून आले, मालकाने विकलं नाही आणि २०२४नंतर संघच नेला.

बाल्टिमोरचा हनीमून लवकर ओसरला. विक्री जाहीर झाली त्याच आठवड्यात आलेला गोलंदाज कॉर्बिन बर्न्स डिसेंबर २०२४मध्ये २१ कोटी डॉलरवर ॲरिझोनाला गेला. पुढचा मोसम इतका वाईट सुरू झाला की मे महिन्यात व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना घालवावं लागलं. शेवटी ७५ विजय, ८७ पराभव. पैसा आहे तर खर्च का होत नाही, ही अँजेलोसकालीन तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागली. मग डिसेंबर २०२५मध्ये फलंदाज पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी साडेपंधरा कोटी डॉलर देऊन आणलं गेलं आणि आवाज जरा खाली आला. आता डोळे आहेत गनर हेंडरसनवर. संघाने स्वतः घडवलेला, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारा हा खेळाडू २०२८च्या मोसमानंतर कुठेही जायला मोकळा होतो आणि त्याचा एजंट स्कॉट बोरास स्वस्तात सौदा करणाऱ्यांतला नाही. रुबेनस्टाइन त्याच्यापुढे कोणता आकडा ठेवतात, हे दिसेपर्यंत टोप्या चालून जातील.